किरणोत्सर्ग, कलमे आणि धीर

'किरणोत्सर्ग' हा शब्द ऐकताच सामान्य माणसाच्या मनात हिरोशिमा आणि नागासाकी उभी राहतात. त्याच जपानमध्ये १९६० च्या दशकात शास्त्रज्ञांनी गॅमा किरणांच्या सान्निध्यात फळझाडे लावली आणि त्यांतून बागाईतदारांचा भार हलका करणारे नासपतीचे एक वाण पुढे हाती आले. ही हकीकत आपल्याकडे फारशी परिचित नाही. तिच्यातून घेण्याजोगा बोध मात्र कोकणच्या बागांनाही लागू पडतो.

'निजिस्सेकी', म्हणजे 'विसावे शतक', ही जपानची लोकप्रिय नासपती. तोत्तोरी प्रांताचे नाव तिच्याशी जोडले गेले आहे. रसाळपणात ती सरस असली तरी काळ्या ठिपक्यांच्या बुरशीजन्य रोगाला ती सहज बळी पडे. त्यामुळे फळांना कागदी पिशव्या बांधणे आणि वारंवार औषध फवारणे बागाईतदारांना चुकत नसे. या वाणाची झाडे १९६२ साली इबाराकी प्रांतातील 'गॅमा क्षेत्रा'त लावण्यात आली. शंभर मीटर त्रिज्येच्या या वर्तुळाकार शेताच्या मध्यभागी कोबाल्ट-६० ठेवलेले असे. १९८१ साली, मध्यापासून ५३ मीटरवरील एका झाडाची एक फांदी रोगापासून बरीचशी मुक्त असल्याचे आढळले. तिच्यापासून केलेल्या कलमांची कसून पारख झाली आणि १९९० मध्ये 'गोल्ड निजिस्सेकी' हे नाव निश्चित झाले. रोग समूळ गेला नाही, पण त्याचा जोर ओसरला.

फळझाडांसाठी हा मार्ग का पत्करावा लागतो? कोयीपासून वाढविलेले झाड मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे उचलीत नाही, हे कोकणातील प्रत्येक बागाईतदार जाणतो. म्हणूनच तो कलम बांधतो. दोन वाणांचा संकर केला तर गुणांची नव्याने सरमिसळ होते आणि ज्या स्वादासाठी फळ नावाजलेले असते तोच हरवण्याची भीती राहते. किरणांमुळे मात्र डोळ्यातील एखाद्या पेशीच्या आनुवंशिक द्रव्यात बदल घडून बाकीचे सर्व गुण कायम राहण्याची शक्यता असते. असे बदल निसर्गातही घडतात. किरणांनी त्यांचे प्रमाण वाढते, इतकेच. गॅमा किरणांनी झाड वा फळ किरणोत्सर्गी बनत नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे.

अर्थात कोणता बदल व्हावा हे किरणांना सांगता येत नाही. बहुतेक बदल निरुपयोगी वा अपायकारक असतात. शिवाय एकाच फांदीत बदललेल्या आणि मूळच्या पेशी शेजारी शेजारी नांदत असल्याने पुन्हा पुन्हा कलमे करून शुद्ध वाण वेगळे काढावे लागते. म्हणजे यंत्राचे काम थोडे. खरे काम वर्षानुवर्षे झाडांवर नजर ठेवणाऱ्या माणसाचे.

महाराष्ट्राला हे शास्त्र नवे नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने या पद्धतीच्या आधारे तयार केलेली भुईमुगाची आणि उडदाची वाणे शेतकऱ्यांनी आपलीशी केली. परंतु भुईमुगाची पिढी काही महिन्यांत हाती येते. आंब्याला त्यासाठी वर्षे मोजावी लागतात. हापूसला साक्याचा दोष आहे. त्यावर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली 'रत्ना' दिला. तो साक्यापासून मुक्त आणि गुणी आहे, पण तो हापूस नव्हे. हापूसच राखून त्याचा एखादा दोष घालवायचा असेल तर उत्परिवर्तनाच्या वाटेचा विचार करावा लागेल. साक्यासारख्या गुंतागुंतीच्या दोषावर तिचा इलाज चालेलच, असे आज म्हणणे धाडसाचे ठरेल. तथापि प्रयत्नांवाचून ते कळणारही नाही.

येथेच धोरणाचा प्रश्न उभा राहतो. लागवडीपासून ती फांदी सापडेपर्यंत जपानमध्ये १९ वर्षे गेली आणि नाव ठरेपर्यंत आणखी ९. तीन किंवा पाच वर्षांच्या मुदतीच्या संशोधन योजनेत असे झाड बसत नाही. मुदत संपली, अधिकारी बदलला आणि बाग दुर्लक्षित राहिली, तर हवी असलेली फांदी उगवूनही कोणाच्या दृष्टीस पडणार नाही. फळझाडांच्या संशोधनासाठी सरकारने आणि विद्यापीठांनी निधीइतकीच दीर्घ मुदतीची हमी दिली पाहिजे.