पावलांची मोजणी

२००३ च्या नाशिक कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा मृत्यू झाला. गर्दी कोठे दाटत आहे हे वेळीच कळणे किती आवश्यक असते, याचा तो दुःखद धडा होता.

मूळचे नाशिकचे शास्त्रज्ञ डॉ. रमेश रासकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून २००८ मध्ये एमआयटी मीडिया लॅबमध्ये रुजू झाले. त्यांचा मुख्य विषय प्रकाश आणि कॅमेरा. तथापि २०१५ च्या कुंभमेळ्यापूर्वी ‘कुंभथॉन’ उपक्रमातून त्यांनी नाशिकच्या तरुणांना आपल्याच शहराचे प्रश्न सोडविण्यास प्रवृत्त केले. त्यातून निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने सहकाऱ्यांसह ‘अशिओतो’ ही चटई साकारली. तिच्यावर पाऊल पडले की आतील संवेदक दाब टिपतो आणि पावलांची नोंद संगणकाकडे जाते. ठरावीक वेळात किती माणसे पुढे सरकली हे समजले, की लोंढा केव्हा थांबवावा अथवा दुसरीकडे वळवावा, हे ठरविता येते.

या मोजणीत कोणाचे नाव, चेहरा वा जात नोंदविली जात नाही. प्रत्येक पाऊल एकच गणले जाते. विद्यार्थी मित्रांनो, वाहतुकीच्या आकडेवारीचे शास्त्र अखेर माणूस सुखरूप घरी पोहोचावा यासाठीच आहे. त्याचा प्रारंभ आपल्या गावातील एखाद्या प्रश्नापासूनही होऊ शकतो.