काशीतील घरपट्टी

घरपट्टी हा शब्द आज शहरातील प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. मात्र १८१० साली वाराणसीच्या रहिवाशांना हा कर सर्वस्वी नवा होता.

त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारचे मुख्य उत्पन्न शेतसारा हे होते. बंगालमध्ये १७९३ साली आणि काशी प्रांतात १७९५ साली कायमधारा पद्धत आली व साऱ्याची रक्कम कायमची ठरून गेली. खर्च वाढला तरी सारा वाढवता येईना. शहरांतील घरे व दुकाने बहुतांशी कराबाहेर होती. तेव्हा सरकारची दृष्टी तिकडे वळली. १८१० च्या पंधराव्या कायद्यान्वये घरांच्या वार्षिक भाड्यावर शेकडा ५ आणि दुकानांच्या भाड्यावर शेकडा १० कर बसवण्यात आला.

येथेच खरी अडचण होती. दुकानातून पैसा येतो, भाड्याच्या घरातूनही येतो; पण ज्या घरात मालक स्वतः राहतो, त्यातून काय येते? अशा घराचे भाडे अंदाजानेच ठरवावे लागते आणि कर मात्र रोख द्यावा लागतो. काशीत जुनी, मोडकळीस आलेली घरे पुष्कळ होती. मालक निर्धन असले तरी वाडे मोठे होते. शिवाय मोहल्ल्यांची फाटके, त्यांची दुरुस्ती व चौकीदार यांचा खर्च रहिवासी पूर्वीपासून स्वतःच सोशीत होते. या व्यवस्थेस फाटकबंदी म्हणत. ज्या रक्षणासाठी आपण आधीच पैसे मोजतो, त्यावर हा आणखी भार कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. तो विचारण्यासाठी निवडून दिलेली नगरपालिका तेव्हा नव्हती.

डिसेंबर १८१० मध्ये शहरात हरताळ पडला. दुकाने बंद झाली. लोहारांनी पुढाकार घेतला आणि इतर कारागिरांनीही हत्यारे खाली ठेवली. हजारो माणसे घरे सोडून मोकळ्या मैदानात ठाण मांडून बसली. अंत्यसंस्कार करणारेही कामावर येईनात. सरकारने सैन्य बोलावले, तरी लोक शांत राहिले. जानेवारी १८११ मध्ये धार्मिक वास्तू व अत्यंत गरिबांची घरे करमुक्त करण्यात आली. काशीनरेशांच्या मध्यस्थीनंतर जमाव पांगला आणि १८१२ मध्ये सरकारने तो कायदाच मागे घेतला.

या प्रकरणातील सरकारी पत्रव्यवहार व रहिवाशांचे अर्ज धर्मपाल यांनी १९७१ साली प्रसिद्ध केले. आज त्याच शहरात नगर निगम गृहकर वसूल करते आणि स्वतः राहत्या घराचे वार्षिक मूल्य आजही हिशेबानेच ठरवावे लागते.