पान हललं की माणूस आला?

घराबाहेरच्या कॅमेऱ्याचा मोबाइलवर येणारा प्रत्येक अलर्ट खरंतर एका प्रश्नाचं उत्तर असतो. गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास पाहिला तर बराच काळ हा प्रश्नच चुकीचा विचारला जात होता, असं दिसतं. घरमालकाला जाणून घ्यायचं असतं की अंगणात कोणी आलं आहे का. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांना कळायचं एवढंच, की आत्ताचं चित्र मघाच्या चित्रापेक्षा वेगळं आहे का. दोन लागोपाठच्या चित्रांची पिक्सेलगणिक वजाबाकी करायची आणि फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला की ‘हालचाल’ म्हणायचं, ही ती रीत. बंद खोलीत ती चालते, कारण तिथे माणसाशिवाय फारसं काही हलत नाही. कोकणातल्या परसात मात्र माडाच्या झावळ्या दिवसभर डोलतात, आभाळ भरून आलं की सगळं अंगण एका क्षणात काळवंडतं, रात्री मांजर कंपाउंडवरून फिरतं. यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे चित्रातला खराखुरा बदल, त्यामुळे यंत्राचं उत्तर बरोबरच असे.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न अमेरिकेतल्या एमआयटीत झाला. ख्रिस स्टॉफर आणि एरिक ग्रिमसन यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक पिक्सेलची एकच ‘नेहमीची’ छटा न धरता तीन ते पाच छटा लक्षात ठेवल्या जात. हलणाऱ्या फांदीमागचा पिक्सेल कधी हिरवा, कधी आभाळाच्या रंगाचा असणारच, आणि या पद्धतीत दोन्ही रंग नेहमीचे ठरत. पाऊस आणि बर्फ झेलत त्यांची यंत्रणा कित्येक महिने चालली. डोलणाऱ्या झाडांचा प्रश्न यामुळे बराच सुटला. ढगामुळे अचानक पडणारी सावली किंवा भिंतीवरून सरकणारा गाडीच्या दिव्याचा झोत यांचा मात्र सुटला नाही, कारण हे बदल सवयीचे होण्याइतके टिकतच नाहीत.

त्या काळात या दोषाची झळ घरमालकाला फारशी बसत नसे. खोट्या हालचालीने डीव्हीआरची हार्ड डिस्क भरायची, इतकंच. स्मार्टफोन आणि वायफाय कॅमेरे आले तेव्हा तीच खोटी हालचाल खिशात वाजू लागली. यावर अनेकांचा सरळ आक्षेप असतो: चोर सुटण्यापेक्षा चार खोटे अलर्ट परवडले. तत्त्वतः हे पटण्यासारखं आहे, पण अनुभव त्याच्या विरुद्ध जातो. अमेरिकेत पोलिसांकडे येणाऱ्या घरफोडीच्या अलार्मपैकी ९४ ते ९८ टक्के खोटे असल्याचं तिथल्या न्याय खात्याने पोलिसांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत नोंदवलं आहे. याच कारणाने सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी २००० च्या अखेरीस, कोणीतरी प्रत्यक्ष खात्री केल्याशिवाय अशा अलार्मवर धाव न घेण्याचं धोरण स्वीकारलं. ही आकडेवारी सायरनवाल्या अलार्मची आहे, कॅमेऱ्यांची नव्हे, पण माणसाचं मन दोन्हीकडे सारखंच वागतं. दिवसाला पन्नास अलर्ट आले की आठवड्याभरात ते म्यूट होतात आणि मग खऱ्या चोराचा अलर्टही कोणी उघडत नाही.

सेन्सिटिव्हिटी कमी करणं हा यावरचा सर्वांत सोपा आणि माझ्या मते सर्वांत वाईट उपाय. दूरच्या गेटाशी वाकून उभा असलेला माणूस चित्रात जवळच्या मांजराहून लहान दिसतो, त्यामुळे सेन्सिटिव्हिटी उतरवली की आधी तोच गळतो. पीआयआर सेन्सर शरीराची उष्णता टिपतो, त्याला पानं आणि सावल्या फारशा भुलवत नाहीत. पण तो मागची भिंत आणि माणसाची त्वचा यांच्या तापमानातल्या फरकावर चालतो. विदर्भातल्या मे महिन्यात संध्याकाळी भिंत निवत निवत पस्तीस अंशांच्या आसपास येते तेव्हा हा फरक जवळजवळ पुसला जातो.

खरा पालट प्रश्न बदलल्यावर झाला. २००५ मध्ये नवनीत दलाल आणि बिल ट्रिग्ज यांनी चित्रातल्या कडांच्या दिशांवरून उभा माणूस ओळखण्याची पद्धत मांडली. २०१२ नंतर न्यूरल नेटवर्कने हीच ओळख कितीतरी पक्की केली, आणि पुढच्या काही वर्षांत ती घरगुती कॅमेऱ्याच्या चिपमध्ये बसली. ‘एआयने प्रश्न संपवला’ हा दावा तरीही मला मान्य नाही. अनेक यंत्रणांत आजही पिक्सेलची जुनी वजाबाकीच आधी होते आणि तिने हालचाल म्हटल्यावरच माणूस ओळखणारा भाग जागा होतो. म्हणजे सेन्सिटिव्हिटी उतरवून ठेवली, तर त्या हुशार भागापर्यंत चित्र पोचतच नाही. शिवाय गेटासमोरच्या रस्त्याने जाणारा माणूसही माणूसच असतो. तो गुन्हेगार नाही, हे चिप कशी ठरवणार? डिटेक्शन झोन कंपाउंडच्या आत आखणं हे घरमालकाचंच काम, आणि शेजाऱ्याच्या खासगीपणासाठीही ते गरजेचं आहे.

रात्रीचा प्रश्न तर बहुतांशी प्रकाशाचा आहे. लेन्सच्या भोवतीचे इन्फ्रारेड एलईडी जवळच्या वस्तूला प्रचंड उजळवतात. प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणून लेन्सपासून २० सेंटिमीटरवरच्या चिलटावर १० मीटरवरच्या माणसापेक्षा अडीच हजार पट प्रकाश पडतो. पावसाचे थेंब आणि कोळिष्टकाचे धागे असेच लखलखतात, आणि त्या झगमगाटामागचा माणूस ओळखणं हुशार चिपलाही जड जातं. कॅमेऱ्यातले एलईडी बंद करून इन्फ्रारेड दिवा चार-पाच फूट बाजूला लावला की यातला मोठा भाग मिटतो. त्याला ना नवा कॅमेरा लागतो, ना महिन्याची वर्गणी.

तेव्हा कॅमेरा घ्यायला जाल तर मेगापिक्सेल विचारण्याआधी पावसाळी रात्रीचं चित्रण दाखवायला सांगा आणि वेगळा दिवा लावून मिळेल का ते विचारा. अलर्ट फक्त माणसापुरते ठेवा, पण रेकॉर्डिंग मात्र चोवीस तास चालू राहू द्या, कारण ओळखण्यात चूक झालीच तर पुरावा तिथेच सापडेल.