लाल ठिपका आणि पन्नाशी ओलांडलेला डोळा

गेल्या श्रावणातली गोष्ट. त्र्यंबकेश्वरला या दिवसांत ब्रह्मगिरी सकाळपासून ढगात असतो आणि आमच्या सरकारी रुग्णालयाची ओपीडी ओल्या छत्र्यांनी भरलेली असते. सर्दी-ताप, पाय घसरून मनगट मोडलेले, अधूनमधून सर्पदंश. त्या गर्दीत एक ओळखीचे गृहस्थ आले. वय ५७, भाविकांसाठी लॉज चालवतात. त्यांना आपण अण्णा म्हणू. त्यांच्या संमतीने आणि थोडे तपशील बदलून लिहितो आहे.

अण्णांच्या हातात शस्त्र परवान्याच्या अर्जाला जोडायचे वैद्यकीय प्रमाणपत्र होते. रात्री हिशेब करून रोकड घेऊन नाशिकला जावे लागते, रस्ता अंधारा, शिवाय जमिनीवरून भाऊबंदकी सुरू झालेली. ‘डॉक्टरसाहेब, तुमची सही तेवढी पाहिजे,’ म्हणाले आणि मोबाइल पुढे केला. परदेशातला एक व्हिडिओ होता. खिशात मावेल एवढे पिस्तूल, वर छोटी काच आणि काचेत लाल ठिपका. ‘ठिपका ठेवायचा आणि चाप ओढायचा. म्हाताऱ्या डोळ्यांना हे बरं असतं म्हणतात. खरं का?’

सही बाजूला ठेवून मी आधी या प्रश्नाचे उत्तर दिले, कारण प्रश्न चांगला होता. उत्तर ‘हो’ असेच आहे, पण अर्धे.

साध्या पिस्तुलावर नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि समोरचे लक्ष्य या तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. तिन्ही वेगवेगळ्या अंतरावर असतात आणि माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. नेमबाजीत म्हणून शिकवतात की नजर माशीवर ठेवा, लक्ष्य थोडे धूसर दिसले तरी चालेल. विशीतल्या डोळ्याला हे जमते. डोळ्यातले भिंग लवचीक असते, ते फुगते आणि हातभर अंतरावरची माशी लख्ख दिसते. चाळिशीनंतर हे भिंग कडक होऊ लागते. वर्तमानपत्र लांब धरायची वेळ येते तीच ही. मग आपण चष्मा करतो, पण वाचायचा नंबर सुमारे ३५-४० सेंटिमीटरसाठी असतो आणि दूरचा नंबर रस्त्यासाठी. लांब केलेल्या हातातल्या पिस्तुलाची माशी नेमकी या दोन्हींच्या मधे पडते. प्रोग्रेसिव्ह काच असेल तर माशी पाहायला मान मागे टाकावी लागते. घाबरलेल्या माणसाने अंधारात एवढे करायचे!

पिस्तूल छोटे असले की भर पडते. खाच आणि माशी यांतले अंतर १५ सेंटिमीटर असेल आणि माशी एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर गोळी साधारण पावणेसात सेंटिमीटर बाजूला जाते. तेच अंतर १० सेंटिमीटर असेल तर चूक १० सेंटिमीटरची. खिशात मावणारे हत्यार नेमाला अवघड असते ते यासाठीही.

लाल ठिपक्याची करामत इथे आहे. काचेच्या मागच्या बाजूला एक बारीक एलईडी असतो. काच किंचित वक्र असते आणि तिच्यावरचा लेप फक्त लाल प्रकाश डोळ्याकडे परतवतो, बाकीचा पलीकडून येऊ देतो. परतलेले किरण एकमेकांना जवळजवळ समांतर असतात, त्यामुळे ठिपका हातभर अंतरावरच्या काचेवर नव्हे, दूर लक्ष्यापाशी असल्यासारखा दिसतो. डोळ्याने लक्ष्याकडे पाहायचे, ठिपका तिथेच असतो. भिंगाला जवळचे काही स्पष्ट करावे लागत नाही. दूरचा चष्मा बरोबर असला की पुरते. ही कल्पना डब्लिनमधले दुर्बिणी बनवणारे हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली मांडली. पुढे ती विमानांवर गेली आणि १९७५ साली स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने विजेरीवर चालणारी अशी साइट बाजारात आणली. सिनेमात खलनायकाच्या छातीवर नाचणारा लाल ठिपका मात्र वेगळा. तो लेसर. तो समोरच्यावर पडतो. हा फक्त धरणाऱ्याला दिसतो.

आता उरलेले अर्धे. अण्णांना मी भिंतीवरच्या यंत्राचा बारीक लाल दिवा दाखवला आणि एकेक डोळा झाकून विचारले, कसा दिसतो? डाव्या डोळ्याने गोल. उजव्याने? ‘फुलबाजीसारखा, शेपूट आल्यासारखा.’ अण्णा उजव्या हाताचे आणि उजव्या डोळ्याचे. बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नसेल, म्हणजे ज्याला आपण सिलिंडरचा नंबर म्हणतो तो असेल, तर ठिपका धूमकेतूसारखा किंवा द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. लोक साइट खराब म्हणून बदलायला नेतात. दोष कुणाचा हे ओळखायची सोपी युक्ती आहे: मोबाइलने काचेतून ठिपक्याचा फोटो काढायचा. फोटोत गोल आला तर साइट ठीक, डोळा तपासा. सिलिंडरचा चष्मा लावला की बहुतेकांचा ठिपका सुधारतो. अण्णांचा पुरता सुधारला नाही, कारण त्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात होती. मोतीबिंदूत प्रकाश विखुरतो, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसते ते त्यामुळेच. मधुमेह असेल तर आणखी एक गंमत: साखर वरखाली झाली की चष्म्याचा नंबरही काही दिवस हलतो. आणि आमच्याकडच्या पावसात उघड्या काचेवर एक थेंब बसला तरी ठिपका फुटतो, हे त्या व्हिडिओत कुणी सांगत नाही.

व्हिडिओत आणखीही एक गोष्ट नव्हती. तिथे दिसणारी बहुतेक पिस्तुले ९ मिलिमीटरची असतात आणि तो बोअर आपल्याकडे सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. परवान्यावर हातातले हत्यार घ्यायचे तर नेहमीची निवड म्हणजे पॉइंट ३२ चे, आपल्या आयुध निर्माणींचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, खाच-माशीचेच. वर काच बसवायला गावठी कारागिराकडून स्लाइड कोरून घेणे म्हणजे गुन्ह्याला आणि अपघाताला एकदम आमंत्रण. कानपूरच्या निर्माणीने २०१४ साली ‘निर्भीक’ नावाचे सुमारे ५०० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर आणले तेव्हा हलकेपणाचे कौतुक झाले. पण काडतूस तेच ठेवून हत्यार हलके केले की हाताला बसणारा धक्का वाढतो. अंगठ्याच्या बुडाशी संधिवात असलेल्याला पिस्तुलाची स्लाइड मागे ओढणेच कठीण जाते. रिव्हॉल्व्हरला स्लाइड नसते, पण घोडा आधी न चढवता चाप ओढायला जोर लागतो. निवड करायचीच असेल तर आधी स्वतःचा हात तपासावा, मग कॅटलॉग. कानाचे तर कुणी विचारतच नाही. पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि बंद खोलीतला एक बार कायमची शिट्टी मागे ठेवू शकतो.

नाशिकला नेमबाजीची परंपरा आहे. पोलीस सेवेतून आलेले क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम इथलेच. पॅरिसला कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसळे मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला, पण घडला नाशिकमध्ये. ऑलिम्पिकच्या पिस्तूल नेमबाजीत लाल ठिपका चालत नाही, सगळे खाच आणि माशीवर. हाताचा कंप कमी करणारी बीटा ब्लॉकर औषधेही त्या खेळात बंद आहेत. अण्णा रक्तदाबासाठी नेमकी तीच घेत होते. मी हे सांगितल्यावर जरा हसले. त्या दिवशी तेवढेच हसले.

ते हसू मला खटकले. प्रमाणपत्रावर डोळे आणि हात यांच्या पुढे आणखी एक ओळ असते: अर्जदार मानसिकदृष्ट्या सक्षम आहे आणि नशेच्या पदार्थांवर अवलंबून नाही. कबूल करतो, ही ओळ पूर्वी मी चेहरा पाहून भरत असे. ओळखीचा माणूस, काय विचारायचे! आता विचारतो. झोप कशी आहे? पहाटे तीनला जाग येते. जेवण? जात नाही. कशात मन लागते का? उत्तर नाही. मग मी दार लोटून घेतले आणि सरळ विचारले, ‘अण्णा, जगू नये असं मनात येतं का?’ बराच वेळ ते बाहेरच्या पावसाकडे पाहत होते. म्हणाले, ‘येतं कधी कधी. पण पिस्तूल त्यासाठी नाही हो.’

माझा त्यांच्यावर विश्वास होता आणि आजही आहे. अडचण वेगळीच आहे. कॅलिफोर्नियात दोन कोटी साठ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत पिस्तूल नसलेल्यांपेक्षा बंदुकीने आत्महत्येचे प्रमाण जवळपास आठपट निघाले, स्त्रियांत पस्तीसपट. पिस्तूल घरात आल्याने माणूस दुःखी होत नाही. पण तो विचार अनेकदा तासाभराचा पाहुणा असतो, आणि त्या तासात हाताशी काय आहे यावर सगळे ठरते. शेतीच्या औषधाने केलेल्या प्रयत्नातून आम्ही इथे अनेकांना परत आणले आहे. गोळीच्या बाबतीत बहुतेकदा ती संधीच मिळत नाही. असे विचार कुणाच्याही मनात येत असतील तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर रात्रीबेरात्रीही मोफत बोलता येते. मराठीत बोलता येते.

विचार सोडा, साधा अपघातही पुरतो. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी त्यांच्याच पायात घुसली, तीही घरात. २०१६ च्या नियमांत सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आहे, घरात हत्यार कुलपात ठेवणे आणि बाहेर झाकलेल्या म्यानात नेणे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. माझ्या मते साठीच्या आसपास पाच वर्षे फार मोठी. तेवढ्या काळात डोळा, साखर, स्मरणशक्ती, सगळे बदललेले असते.

मी सही केली नाही. ‘नाही’ म्हटले नाही, ‘आत्ता नाही’ म्हटले. अण्णा चिडले, बाहेर जाताना छत्रीही विसरले. दुसऱ्या दिवशी छत्री न्यायला वहिनी आल्या. त्यांना मी बसवून घेतले आणि अण्णांना पुन्हा घेऊन या म्हणालो. चौथ्या दिवशी ते दोघे आले. औषधे सुरू झाली, मानसोपचारतज्ज्ञांकडे दोन-तीन फेऱ्या झाल्या. रोकडीसाठी मुलाने भाविकांकडून ऑनलाइन पैसे घ्यायला सुरुवात केली, आणि उरलेली रक्कम आता दिवसाउजेडी बँकेत जाते. जमिनीचा वाद अजून कोर्टात आहे.

तो अर्ज माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. त्यांनी मागितला नाही, मीही काढला नाही. परवा अण्णा आले होते ते उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख विचारायला.