पाच मैलांतले घर

आपल्याकडे कोणी घर काढले की पहिला प्रश्न ठरलेला, "स्लॅबचे का?" कौलारू म्हटले की पाहुण्यांची तोंडे उतरतात. अशा वेळी लॉरी बेकरची आठवण होते.

बेकर मूळचे इंग्लंडचे, जन्म बर्मिंगहॅमचा, १९१७ चा. युद्धकाळात चीनमध्ये रुग्णसेवा करून मायदेशी परतताना बोटीसाठी मुंबईत अडकून पडले. तिथे गांधीजींची भेट झाली. घराला लागणारे सामान पाच मैलांच्या आतलेच असावे, ही गांधीजींची गोष्ट त्यांनी जन्मभर धरून ठेवली. १९४५ मध्ये ते कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांच्या कामासाठी भारतात आले. पुढे पिठोरागडच्या डोंगरात वर्षानुवर्षे राहिले आणि तिथल्या गवंड्यांकडून दगड, माती, लाकूड नव्याने शिकले. शिकलेला आर्किटेक्ट अडाण्याचा चेला होतो, हे आपल्या साहेबांच्या पचनी पडणे अवघडच! १९६३ मध्ये ते केरळात गेले.

तिरुअनंतपुरमचे सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज त्यांनीच बांधले. उघड्या विटा, गिलावा नाही, खिडकीऐवजी विटांची जाळी. वारा येतो आणि गजांचा खर्च वाचतो.

त्यांची भिंत समजून घेण्यासारखी आहे. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची, आत पोकळी ठेवायची. भिंत नऊ इंचीच राहते, पण विटा सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात. पोकळीमुळे ऊन आत कमी शिरते. कोपरे आणि चौकटीच्या बाजू मात्र भरीव हव्यात. स्लॅबमध्येही खालच्या अंगाला, सळयांच्या मधल्या चौकोनांत जुनी मंगलोरी कौले ठेवायची. तिथले काँक्रीट नुसते ओझे असते, ते वाचते.

एक सांगून ठेवतो. वीट वाकडीतिकडी असेल तर या भिंतीच्या वाटेला जाऊ नका. काळ्या मातीत पायाही जाणत्याला विचारूनच घ्या, तिथे काटकसर नको.

१९८५ मध्ये अच्युत मेनन, के. एन. राज यांच्यासह त्यांनी कॉस्टफोर्ड ही संस्था काढली. १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. २००७ मध्ये ते गेले. नकाशे ते वापरलेल्या कागदाच्या पाठीवर काढत, आणि बाकीचे गवंड्याशेजारी उभे राहून ठरवत. घरकुलाची यादी हातात असलेल्या ग्रामसेवकाने निदान गावच्या वीटभट्टीवर एक चक्कर मारावी.