बिरडं, बांगडा आणि कोलेस्टेरॉल

चाळिशी उलटली की रक्ततपासणीचा कागद घरात येतो. त्यात एलडीएलचा, म्हणजे वाईट समजल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलचा, आकडा ठळक छापलेला दिसला, की दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या जागी ओट्स येतात. ओट्स वाईट नाहीत. त्यांत बीटा-ग्लुकान नावाचा चोथा असतो आणि रोज तीन ग्रॅम पोटात गेला तर एलडीएल थोडं उतरतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ मध्येच तसं पाकिटावर छापायला परवानगी दिली. पण पनवेलच्या आसपास भातकापणी झाली की त्याच ओलीवर वाल उभे राहतात. इथल्या माणसाने कोलेस्टेरॉलवरचा पहिला उपाय पाकिटात शोधावा, हे मला पटत नाही.

चोथा नेमकं काय करतो

रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं. त्यापासून यकृत पित्ताम्लं तयार करतं. जेवणातली चरबी पचवायला ती आतड्यात उतरतात आणि काम झालं की सुमारे ९५ टक्के परत यकृताकडे जातात. पाण्यात फुगून बुळबुळीत होणारा चोथा त्यांतली काही अडकवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. तूट भरून काढायला यकृताला नवी पित्ताम्लं बनवावी लागतात, त्यासाठी ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारी जी यंत्रणा असते, ती उलगडल्याबद्दल मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चं नोबेल मिळालं.

एवढं समजलं की कितीतरी भ्रम गळून पडतात. गरम पाण्यात लिंबू पिळून रक्तातली चरबी विरघळत नाही.

वाल आणि त्याचे भाऊबंद

कडधान्यांत हा विरघळणारा चोथा भरपूर असतो. कॅनडातल्या संशोधकांनी २६ चाचण्या एकत्र तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडला: रोज साधारण १३० ग्रॅम शिजवलेलं कडधान्य खाल्लं तर एलडीएल पाच टक्क्यांच्या आसपास कमी होतं. १३० ग्रॅम म्हणजे भरलेली एक वाटी. वाल, मटकी, मूग, चवळी, कुळीथ, हरभरा, काहीही चालेल. अट एकच, रोज. आठवड्यातून एकदा केलेल्या बिरड्याने आकडा हलणार नाही.

बिरड्याला मेहनत लागते, हे खरं. कडवे वाल रात्री भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक डाळिंबी सोलायची. सालीबरोबर थोडा चोथा जातो, तरी उरतो तो पुरेसा असतो. वेळ नसेल त्या दिवशी मोडाच्या मटकीची उसळ करावी, तीही न जमली तर कुळथाचं पिठलं. नुसत्या वरणावर मात्र भागवू नये. आपल्याकडे वरण इतकं पातळ असतं की वाटीत डाळ दोन चमचेच येते.

थंडीतली पोपटी तर या बाबतीत आदर्शच म्हणावी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, वर पुन्हा पाला. मडकं उपडं घालून भोवती पेंढा आणि पालापाचोळा पेटवायचा. पाणी नाही, तेलाचा थेंब नाही. हल्ली तिच्यात कोंबडीही जाते, पण शेंगांचं प्रमाण कमी होऊ देऊ नये.

इसबगोल, मेथी, भेंडी

इसबगोलाचा पुरावा या तिघांत सर्वांत भक्कम. रोज दहा ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन मोठे चमचे भुशी घेतली तर एलडीएल सात टक्क्यांच्या जवळपास उतरतं. भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, आणि तिच्यात व इतर औषधांत दोन तासांचं अंतर ठेवावं. मेथीदाण्यांवर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत अभ्यास झाले. तिथे मात्रा होती दिवसाला २५ ग्रॅम आणि त्याहूनही जास्त. फोडणीतल्या चिमूटभर मेथीकडून ती अपेक्षा धरू नये. मधुमेहाची गोळी चालू असेल तर जास्त मेथी साखरही खाली आणते, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावं. भेंडीचा बुळबुळीतपणा याच जातीचा; भाजी परतायला पाच चमचे तेल घातलं तर मात्र कमावलेलं निघून जातं.

सातूच्या पिठाबद्दल एक सूचना. जवात बीटा-ग्लुकान असतं, पण आपल्याकडे सातूचं पीठ बऱ्याचदा गहू आणि डाळं भाजून केलेलं असतं. घेताना विचारावं.

मूठभर दाणे

सुकामेव्यावरच्या २५ चाचण्यांमध्ये सरासरी ६७ ग्रॅम रोजच्या खाण्याने एलडीएल सात टक्क्यांनी घटलेलं दिसलं. शेंगदाणा खरं तर शेंगवर्गातला, पण त्याची चरबी त्याच चांगल्या प्रकारची. बदाम परवडत नाहीत म्हणून मन खट्टू करू नये. मूठभर भाजलेले, बिनमिठाचे दाणे पुरेत, मात्र ते फरसाणाच्या जागी खायचे, फरसाणाच्या जोडीला नव्हे.

मासळी बाजारातून

बांगडा आणि तारलीतलं ओमेगा-३ ट्रायग्लिसराइड्स ही रक्तातली दुसरी चरबी कमी करतं. एलडीएल थेट उतरवत नाही. मटणाऐवजी बांगडा आला तर मात्र एलडीएललाही फायदा होतो. तळण्यापेक्षा कालवण किंवा तव्यावर कमी तेलात केलेला बरा. कोळंबीत कोलेस्टेरॉल असतं, तरी संपृक्त चरबी फार थोडी असते, म्हणून अधूनमधून खाल्लेल्या कोळंबीची धास्ती घेण्याचं कारण नाही. सुकट-बोंबलाचा प्रश्न मिठाचा आहे, रक्तदाब असलेल्यांनी जपून.

ताटातून काय उतरवायचं

कोकणी माणसाला हे ऐकायला जड जातं, पण खोबरेल तेलातली ८० टक्क्यांहून अधिक चरबी संपृक्त असते आणि ती एलडीएल वाढवते. चिमूटभर ओलं खोबरं भाजीवर भुरभुरायला हरकत नाही. नारळाच्या घट्ट रसातली रोजची सोलकढी मात्र वेगळी. त्याऐवजी कोकमाच्या आगळाचं साधं सार करून पाहावं. बिस्किटं, खारी आणि फरसाणात बहुधा पामतेल असतं, त्यातली निम्मी चरबी संपृक्त. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आली, हे फार चांगलं झालं.

आहाराने किती उतरतं

टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी २००३ मध्ये चिकट चोथा, बदाम, सोया आणि वनस्पतींतले स्टेरॉल असं सगळं एकाच आहारात आणलं. चार आठवड्यांत एलडीएल २८ टक्क्यांहून जास्त घटलं. तिथे जेवण तयार मिळत होतं. घरी स्वतः सांभाळणाऱ्यांना पुढच्या अभ्यासात याच्या निम्मंच साधलं, तरी तेही थोडं नाही.

अडीचशेतल्या सुमारे एका माणसात एलडीएल जन्मतःच चढं असतं. त्यांना, तसंच हृदयविकार होऊन गेलेल्यांना केवळ आहार पुरत नाही. कुणीही उसळ सुरू केली म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, रक्त पुन्हा तपासावं. जानेवारीतल्या पोपटीपासून सुरुवात केली, तर ती तपासणी शिमग्याच्या सुमाराला येईल.