आठ बुश आणि भाताच्या दोन गोण्या

मामांचं घर तिरुविडैमरुदूरला, कुंभकोणमहून मायिलाडुदुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गावाचं जुनं नाव मध्यार्जुन. श्रीशैलचा मल्लिकार्जुन आपल्याला ठाऊक असतो, त्याच मालिकेतलं हे मधलं क्षेत्र. 1798 मध्ये इंग्रजांनी तंजावरच्या गादीवरून उतरवलेले अमरसिंह भोसले इथेच येऊन राहिले. मामांच्या घरात अजून तंजावरी मराठी बोलतात आणि हिशेब तमिळमध्ये करतात.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं. चाकं काढली की पुढचं सगळं सस्पेन्शन समोर येतं. स्टूल घेऊन बसावं आणि काम पाहावं. मी चार दिवस तेच केलं.

ही गाडी 1961 पासून मद्रासजवळ वंडलूरला बनत होती. इंग्लंडमध्ये तिच्याच सांगाड्यावरून 1962 मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन सीटांची स्पोर्ट्स कार निघाली. दोन्हींचं रूप मिकेलॉटी या इटालियन माणसाने आखलेलं. या नात्यामुळे स्पिटफायरवाले आज जो प्रश्न सोडवतात, तोच मामांपुढे होता: सस्पेन्शनच्या सांध्यांत बुश कुठले घालायचे?

पुढच्या दोन चाकांचे वरचे आणि खालचे आर्म मिळून आतल्या टोकांना आठ बुश. बाहेर पोलादी नळी, आत पोलादी नळी, मध्ये दोन्हींना चिकटवलेलं रबर. आर्म वरखाली होतो तेव्हा आत काहीच घासत नाही. रबर पिळलं जातं आणि परत फिरतं. जुने बुश निघाले तेव्हा डावीकडच्या खालच्या दोहोंतलं रबर नळीपासून सुटून नुसतं गोल फिरत होतं. ब्रेक लावला की गाडी डावीकडे का ओढायची, ते तिथेच कळलं. मामांच्या मिस्त्रींनी रबर जाळून काढलं नाही. त्या धुराने छाती भरते, असं म्हणत त्यांनी ड्रिलने रबर पोखरलं, बाहेरच्या नळीला करवतीच्या पात्याने आतून एक चीर दिली आणि ती छिन्नीने आत वळवली. एका बुशला पाऊण तास लागला.

बाकावर तीन जातींचे बुश मांडले होते. पहिला जोड चेन्नईच्या पुदुपेट बाजारातला, जुना कंपनीचा माल, तेलकट कागदात गुंडाळलेला. दिसायला सर्वांत खरा हाच. पण मिस्त्रींनी नख दाबलं तर खूण उमटेना. कडेला बारीक भेगा होत्या. रबर गाडीत नसलं तरी हवेने म्हातारं होतं. दुसरा, स्पिटफायरसाठी इंग्लंडहून मागवलेला पॉलियुरेथेनचा, लालभडक आणि कडक. तिसरा नव्या रबराचा, हल्लीच्या उत्पादनातला.

पॉलीचं आकर्षण मला समजतं. तेलाने तो फुगत नाही आणि वळणावर गाडी नेमकी वागते. पण तो नळीला चिकटलेला नसतो, फिरताना घासतो. त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं आणि ते संपलं की कुरकुर सुरू. शिवाय रस्त्याचा प्रत्येक दचका सांगाड्यापर्यंत पोचवतो. साठीतला सांगाडा आणि कावेरीकाठचे गतिरोधक यांच्यामध्ये काहीतरी मऊ हवंच. आठही जागी नवं रबर, असा निर्णय झाला आणि तो मला पूर्ण पटला.

मागच्या रेडियस आर्मांनाही रबरच. हेराल्डचा मागचा अ‍ॅक्सल झुलता आहे. चाक कमानीत फिरतं आणि त्या आर्मचा बुश दोन दिशांना पिळला जातो. कडक बुश तिथे चाकाशी भांडतो. या झुलत्या अ‍ॅक्सलवर आपल्याकडच्या मेकॅनिकांचा इतका राग होता, की 1972 च्या गझेल या नव्या गाडीत कंपनीने तो काढून सरळ अ‍ॅक्सल घातला. लाल पॉली फक्त स्टिअरिंग रॅकच्या पकडींत गेला. तिथे इंजिनचं तेल ठिबकतं आणि रॅक जागेवरून हललेला अजिबात चालत नाही.

खरं अडलं ट्रनियनपाशी. पुढच्या चाकाचा उभा पोलादी दांडा खाली पितळी ट्रनियनमध्ये आट्यांवर फिरतो, आणि ट्रनियन आर्मला नायलॉनच्या बुशांवर जोडलेला असतो. ते बुश कुंभकोणमच्या एका टर्नरने लेथवर काढून दिले. संध्याकाळी छान बसले, सकाळी जाम. नायलॉन हवेतला ओलावा पितं आणि फुगतं, आणि कावेरीच्या या खोऱ्यात ओलाव्याला तोटा नाही. टर्नरने दुसरे तुकडे पाण्यात उकळले, ओलावा पिऊ दिला आणि मग मापात कातले. ते अजून मोकळे फिरतात.

ट्रनियनच्या आट्यांत ग्रीस भरलेलं सापडलं, खाली गंजकं पाणी. तिथे नव्वद नंबरचं गिअर ऑइल घालायचं असतं. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत उतरत नाही. पाणी साचतं, दांडा आट्यांपाशी गंजतो आणि एक दिवस वळताना तुटतो. चाक आडवं पडतं. मामांच्या उजव्या दांड्याला गंजाने खड्डे पडले होते. तो फेकून दिला, त्यावर चर्चा झाली नाही.

शेवटच्या दिवशी मी पाना उचलून बुशचे बोल्ट आवळायला निघालो, तर मामांनी हात धरला. "थांब. गाडी अजून लटकते आहे."

चाकं लटकत असताना बोल्ट आवळले तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेलंच राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. नवे बुश लवकर गेले की लोक मालाला दोष देतात. पुष्कळदा चूक इथे झालेली असते. बोल्ट नुसते अडकवून चाकं चढवली, गाडी खाली घेतली. पुढच्या दोन्ही सीटांवर भाताची एकेक गोणी ठेवली, दोन माणसांचं वजन म्हणून. बंपर धरून गाडी चार-पाच वेळा दाबून सोडली आणि ती आपल्या उंचीवर बसल्यावर मिस्त्री खाली सरकले. तेव्हा कुठे पाना फिरला.

संध्याकाळी आम्ही महालिंगस्वामींच्या देवळाला वळसा घालून आडुदुरैपर्यंत गेलो. मामांनी मोकळ्या रस्त्यावर ब्रेक लावला आणि स्टिअरिंग क्षणभर सोडलं. गाडी सरळ थांबली.

तुमच्याकडे हेराल्ड किंवा स्पिटफायर असेल, तर बुशांची निवड पुढच्या महिन्यात करा. ट्रनियनमध्ये ग्रीस आहे की तेल, ते आजच बघा.